टोर्नेडोचे लक्ष्यक्षेत्र कसे ठरवतात: मुंबईत बसून करता येणारा सराव

टोर्नेडोचा अंदाज शिकायचा तर अमेरिकेतच जायला हवे, या समजुतीने हवामानशास्त्राचे पुष्कळ विद्यार्थी या विषयाकडे फिरकत नाहीत. मी मात्र नोकरी सांभाळून, बोरिवलीच्या घरातूनच, दर एप्रिल-मे महिन्यांत हा सराव करत आलो आहे. वेळेचे गणित आपल्या सोयीचे आहे. ओक्लाहोमातील नॉर्मन येथे सकाळी सातच्या निरीक्षणासाठी सोडलेल्या फुग्याची नोंद आपल्या सायंकाळी साडेपाचची असते आणि तिथली दुपार-संध्याकाळची वादळे आपल्याकडे पहाटे होतात; त्यामुळे रात्री लक्ष्यक्षेत्र, म्हणजे टोर्नेडो दिसण्याची शक्यता सर्वाधिक वाटते अशी, पाठलागासाठी गाठायची जागा, ठरवून झोपावे आणि सकाळी पडताळा घ्यावा. नॉर्मनच्याच स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा अधिकृत अंदाज आपले उत्तर वहीत लिहून झाल्यावरच उघडावा, नाहीतर तो सराव न राहता नक्कल होते.

आर्द्रता, अस्थिरता, उंचीनुसार बदलणारा वारा आणि हवा वर उचलणारे कारण, हे चार घटक कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. नवशिके बहुधा केपच्या, म्हणजे हवेतील अस्थिरतेच्या मापाच्या, आकड्यावर अडकतात, कारण तो मोठा दिसतो. त्यावर उतारा म्हणून सांताक्रूझचे मे महिन्यातील साउंडिंग (फुग्याने उंचीनुसार घेतलेली तापमान, ओलावा आणि वाऱ्याची नोंद) पाहावे: खाली समुद्रावरून आलेला दमट थर, दवबिंदू पंचविशीच्या आसपास, केपही भरघोस, आणि तरीही आकाश दिवसचे दिवस कोरडे, कारण त्या थरावर उष्ण, कोरड्या हवेचे झाकण बसलेले असते. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात असे झाकण मेक्सिकोच्या उंच पठारावरून येते. ते फार घट्ट असेल तर वादळच होत नाही, आणि फार सैल असेल तर दुपारपूर्वीच सगळीकडे ढग उसळून गर्दी होते. म्हणून केपसोबत जमिनीपासून 6 किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यातील फरक 40 नॉटच्या आसपास किंवा अधिक आहे का, खालच्या एका किलोमीटरात वारा पुरेसा वळतो का, आणि ढगाचा तळ 1000 मीटरच्या खाली राहील का, हे पाहावे.

एवढे जुळणारा पट्टा कित्येकदा दोन राज्यांएवढा निघतो. त्यातून एखादा तालुका निवडायचा तर वेगवेगळ्या प्रकारच्या हवा जिथे भिडतात त्या सीमारेषा शोधाव्या लागतात, आणि माझ्या मते या कामातले खरे कौशल्य तेच आहे. ओक्लाहोमा मेसोनेट या राज्यभरच्या हवामान केंद्रांच्या जाळ्यातील केंद्रे दर पाच मिनिटांनी नोंदी देतात. त्यांच्या नकाशावर एका केंद्रात दवबिंदू 20 अंश आणि पश्चिमेला थोड्याच अंतरावर 5 अंश दिसला की मधून ड्रायलाइन, म्हणजे दमट आणि कोरड्या हवेतली सीमारेषा, जाते, हे उघड होते. ही रेषा उष्ण सीमेला (पुढे सरकणाऱ्या उबदार हवेच्या कडेला) जिथे मिळते, तो भाग मी प्रथम खुणावतो. पहाटेच्या वादळांनी मागे सोडलेली थंड हवेची कड त्याहून फसवी असते: उपग्रहचित्रात ढगांची बारीक कमान, तिच्या उत्तरेला तापमान चार-पाच अंशांनी कमी आणि वारा दक्षिणेऐवजी आग्नेयेकडून. वाऱ्याच्या या वळणामुळे खालच्या थरातील फिरकी वाढते आणि तिथे पोहोचलेले सुपरसेल (स्वतःभोवती फिरणारे मोठे गडगडाटी वादळ) टोर्नेडो देण्याची शक्यताही वाढते. संगणकीय मॉडेल ही कड अनेकदा चुकवते. दर तासाला नव्याने चालणाऱ्या एचआरआरआर या अमेरिकी मॉडेलमधील सकाळची वादळे प्रत्यक्ष रडारशी जुळत नसतील, तर त्याने दाखवलेली संध्याकाळही मी बाजूला ठेवतो.

शेवटी रस्त्यांचा नकाशा उघडावा. पश्चिम ओक्लाहोमा आणि कॅन्सस सपाट आहेत, रस्ते चौकटीत आखलेले आहेत. आग्नेय ओक्लाहोमात डोंगर आणि झाडी आड येते. हवामानाच्या दृष्टीने किंचित दुय्यम, पण मोकळे क्षेत्र निवडणे मला शहाणपणाचे वाटते. 31 मे 2013 रोजी एल रेनो येथील टोर्नेडो सुमारे 4.2 किलोमीटर रुंद झाला आणि टिम समारास यांच्यासह तीन अनुभवी संशोधक त्यात मृत्युमुखी पडले. म्हणून वादळाची अपेक्षित दिशा आणि त्यातून दक्षिणेला निघण्याची वाट, दोन्ही लक्ष्यक्षेत्राबरोबरच लिहावीत. सकाळी रडारची चित्रे पाहताना झाकण न फुटल्याने कोरडे गेलेले दिवसही वहीत उतरवावेत आणि त्या दिवशी झाकण का टिकले, हे आदल्या सायंकाळच्या साउंडिंगवर पुन्हा तपासावे.