बॉलिंग करताना हात फेकतोय का? असं तपासा
कोपर वाकलेलं असणं हा गुन्हा नाही. श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज मुरलीधरन याचा हात तर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हता. बघायचं ते कोपर किती सरळ होतं, तेही हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत. आयसीसीची मर्यादा १५ अंशांची; कोपर त्याहून जास्त सरळ झालं की ती फेक.

बिनबाह्यांचा बनियन घाला, कोपर उघडं दिसायला हवं. मोबाइल स्टँडवर लावून स्लो-मोशनमध्ये शूटिंग करा: समोरून, मागून आणि बाजूनेही. एकाच कोनावर विसंबलात तर फसाल, कारण खांदा फिरला की वाकलेला हात सरळ होतोय असा भास होतो. बाउन्सर, यॉर्कर आणि ‘दूसरा’ (ऑफस्पिनरचा उलट्या बाजूला वळणारा चेंडू) आधी तपासा. जादा जोर लावतानाच कोपराला झटका बसतो. नेमके अंश मात्र प्रयोगशाळेतच मोजले जातात.