सातबारा पाहिलात, आता नकाशा पाहा

नगररचना कार्यालयात मी अनुरेखक होते. विकास योजनांचे नकाशे ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक सातबारा घेऊन घरी येतात, आणि वाईट याचं वाटतं की बहुतेक जण विसार देऊन झाल्यावर येतात. "एजंट म्हणाला, पिवळ्यात आहे." नकाशावर पिवळा म्हणजे रहिवास, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा शेती. पण हा पिवळा त्यांनी स्वतः पाहिलेला नसतो.

जमीन कोणाची ते सातबारा सांगतो. तिच्यावर काय बांधता येईल ते ठरतं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली झालेल्या योजनेत. म्हणून सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-१ (विकायला मोकळी जमीन) आहे की वर्ग-२ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली) आणि 'इतर हक्क' रकान्यात काय आहे, एवढं वाचून घ्या आणि गटनंबर घेऊन नगररचना कार्यालय गाठा. तिथे दोन कागदांसाठी अर्ज करायचा: झोन दाखला (तुमचा गट योजनेत कशासाठी दाखवला आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशाचा तेवढाच तुकडा). नुसत्या दाखल्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दाखल्यात एक शब्द फार येतो: 'अंशतः'. "अंशतः रहिवास, अंशतः शेती, अंशतः १८ मीटर रस्ता." किती अंश ते दाखला सांगत नाही. ते भाग नकाशावर दिसतं, आणि तेही ढोबळच. १:१०,००० च्या नकाशावर मी अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली की ती जमिनीवर पाच मीटर होते. तुमचं अख्खं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, त्या एका रेघेत बसेल. रेघ गटातून जात असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि रस्त्याची किंवा आरक्षणाची हद्द मोजणी नकाशावर आखून मागा. चौरस मीटरचा आकडा हातात आल्याशिवाय भाव ठरवू नका.

माझ्या धाकट्या दिरानं नदीच्या अंगाला २२ गुंठे घेतले. झोन दाखल्यावर स्वच्छ 'रहिवास' होतं. निळी पूररेषा मात्र पाटबंधारेच्या नकाशावर होती आणि तो नकाशा कोणी मागितलाच नाही. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे घर होत नाही. निळी ते लाल यांमध्ये अटी पाळून बांधता येतं. त्याचे १४ गुंठे निळ्याच्या आत गेले. तो कागद मी आधी मागायला हवा होता, हे मला आजही बोचतं. जवळ नदी-ओढा असेल तर पूररेषेचा नकाशा वेगळा मागा.

योजना प्रारूप (कच्चा मसुदा) आहे की मंजूर, हेही विचारा. प्रारूप प्रसिद्ध झाली की हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, घरी कोणी कळवत नाही. आणि 'अजून प्रारूपच आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. परवानगी देताना कलम ४६ प्रमाणे प्रारूपाचाही विचार होतो.

जमिनीवर बाग, शाळा, क्रीडांगण असं आरक्षण असेल तर लोक एकदम हातपाय गाळतात. गाळू नका. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झालं नाही, तर कलम १२७ खाली मालकाला नोटीस देता येते. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन संपादन झाली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. इथे लोक दोन जागी चुकतात. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडत नाहीत, आणि नोटीस भलत्याच कार्यालयाला देतात. ज्या संस्थेनं जमीन घ्यायची आहे तिचं नाव योजनेच्या अहवालातल्या आरक्षणांच्या तक्त्यात, 'समुचित प्राधिकरण' या रकान्यात असतं. ते बघूनच नोटीस लिहा आणि पोच जपून ठेवा.

एनएबद्दल, म्हणजे बिगरशेती वापराबद्दल, थोडक्यात. अंतिम विकास योजनेत रहिवास दाखवलेल्या वर्ग-१ च्या जमिनीला वेगळी परवानगी लागत नाही. पूर्वी त्यासाठी कर भरून सनद घ्यावी लागायची. वर्ग-२ असेल तर आधी नजराण्याचं, म्हणजे सरकारला भरायच्या रकमेचं, पाहा.

बांधकाम व्यावसायिकांनी रंगाइतकंच लक्ष रस्त्याकडे द्यावं. मुंबई महापालिका, एमआयडीसी असे काही भाग वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकच नियमावली आहे, तीच यूडीसीपीआर. त्या नियमावलीत महापालिका हद्दीत दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१ आहे, ९ ते १२ मीटर रस्त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) धरून तो २ पर्यंत जातो. म्हणजे रस्त्याची रुंदी चुकली की सगळा हिशेब चुकला. नकाशावरची रुंदी वाचा, मग जागेवर जाऊन टेप लावा. नकाशावर १२ मीटर आणि जागेवर बैलगाडीची वाट असेल, तर मधली जमीन कोणाची आहे आणि ती ताब्यात आली आहे का, हे व्यवहाराआधी लेखी विचारा.