कमरेएवढं गवत, पाच फूट एक इंच मी, आणि पेट्रोलवरचा ग्रास कटर

माझं पहिलं यंत्र वाकड्या दांड्याचं होतं. २५ सीसी, हलकं, दिसायलाही नाजूक. दोन एकर जागा, चार वर्षं कुणी हात न लावलेली, गवत माझ्या कमरेच्या वर. दहा मिनिटांत काड्या फिरत्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळल्या, जणू वेणीच घातली. बंद करा, कात्रीनं सोडवा, पुन्हा इंजिन सुरू करायची दोरी ओढा. संध्याकाळपर्यंत जेमतेम एक गाडी उभी राहील एवढी जागा मोकळी झाली.

"वहिनी, सीसी वाढवा," दीर म्हणाले आणि त्यांनीच ५२ सीसीचं पसंत केलं. ते सहा फुटांचे. मी पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी यंत्र मांडीपर्यंत लोंबायचं आणि पातं माती उकरायचं. आता ते यंत्र दीरच वापरतात. तिसरं मात्र मी स्वतः, अंगावर चढवून, निवडलं. तेव्हा काय काय बघितलं ते लिहिते.

आधी दांडा बघा, इंजिन नंतर. वाकड्या दांड्यात आतून लवचीक केबल फिरते. अशी यंत्रं कापायच्या नायलॉन दोरीवर चालण्यासाठीच असतात, त्यांना सहसा धातूचं पातं लावता येत नाही. अंगणाच्या कडा, फुलझाडांचे वाफे यांना उत्तम. माजलेल्या गवताला सरळ दांडाच हवा, खाली गिअरबॉक्स असलेला. मूठही सायकलच्या हँडलसारखी, दोन्ही हातांना पसरून धरता येईल अशी घ्या. गोल कडीची मूठ उतारावर आणि अडचणीच्या जागी बरी पडते, पण तासन्‌तास पातं झुलवायला नाही.

आता सीसी. मोठ्या रानटी गवताला ३५ ते ४५ पुरेत. जाड बुंध्यांची झुडपंही तोडायची असतील तर त्याच्या वर जा. पण खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. बऱ्याच साध्या यंत्रांत पिस्टनची धाव, म्हणजे तो वर-खाली जातो ते अंतर, ३४ मिलिमीटर असते. सिलिंडरचा व्यास ४० असेल तर हिशेब ४२.७ सीसीचा येतो, ४४ असेल तर ५१.७ चा. बाहेर "५२" लिहिलेलं आणि आत ४० चा पिस्टन, असं यंत्र मी स्वतः पाहिलंय. म्हणून माहितीपुस्तिकेत व्यास, धाव आणि किलोवॅट, म्हणजे इंजिनाची ताकद, शोधा. किलोवॅटचा आकडा कुठेच दिला नसेल तर मी ते यंत्र तिथंच ठेवते.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर लोक भांडतात. टू-स्ट्रोक हलकं आणि रचनेला साधं, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि, २५:१ असेल तर ४०. हे अंदाजानं बाटलीच्या झाकणानं ओतू नका. मी सुई नसलेली सिरिंज ठेवली आहे, त्यावर "गवत" असं लिहून, म्हणजे घरात दुसऱ्या कामाला कुणी नेत नाही. फोर-स्ट्रोकला साधं पेट्रोल चालतं, आवाज खालच्या पट्टीतला असतो, पण वजन थोडं जास्त आणि ऑइल वेगळं भरून वेळेवर बदलावं लागतं. काही फोर-स्ट्रोक आडवी ठेवली तर ऑइल नको तिथे जातं. होंडाचं ३५.८ सीसीचं जीएक्स३५ इंजिन कसंही कलतं केलं तरी चालतं, म्हणून ते बऱ्याच यंत्रांवर बसवलेलं दिसेल. मी टू-स्ट्रोक घेतलं. कारण एकच, खांदा.

तर खांद्याबद्दल. माझ्या मते निवडीचा निम्मा भाग हाच. पुस्तिकेतलं वजन बहुधा पेट्रोल, पातं आणि संरक्षक पत्रा वगळून दिलेलं असतं. सात किलो लिहिलेलं यंत्र कामाला उभं राहीपर्यंत आठच्या पुढे जातं. एकाच खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा अर्ध्या तासात मान धरतो. दोन्ही खांद्यांचा, कमरेला बक्कल असलेला आणि मांडीवर जाड गादी असलेला पट्टा घ्या. यंत्रासोबत मिळत नसेल तर वेगळा घ्या. तो अंगावर नीट बसवा, यंत्र अडकवा आणि दोन्ही हात सोडा. पातं जमिनीला हलकेच टेकलं पाहिजे. नाक खाली जात असेल किंवा वर उचललं जात असेल, तर दांड्यावरची अडकवायची कडी पुढे-मागे सरकवा. कडी सरकतच नसेल तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही सीसीचं असो. पट्ट्याला एका झटक्यात यंत्र सोडून देणारी कळ आहे का तेही बघा आणि दोन-तीनदा वापरून बघा.

हादऱ्यांचा आकडाही पुस्तिकेत असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात. तीन-चारच्या आसपास असेल तर छान. आठ-दहा असेल तर रात्री बोटांना मुंग्या येतील.

कापायचं कशानं? तीन दात्यांचं धातूचं पातं, साधारण २५५ मिलिमीटर व्यासाचं, हे उंच गवताचं खरं हत्यार. एक बाजू बोथट झाली की बहुतेक पाती उलटी करून लावता येतात. दोरी लावायची तर २.७ ते ३ मिलिमीटरची, आणि तीही दगड, भिंती, कुंपण यांच्या कडेला. बारीक करवती दात्यांचं गोल पातं झुडपांसाठी, दगडाळ जमिनीत ते लगेच मरतं. साखळीचे तुकडे जोडलेलं डोकं कुणी "सगळं कापतं" म्हणून दाखवलं तर नको म्हणा. कडी तुटली की गोळीसारखी सुटते. युरोपियन युनियननं २०१२ मध्ये अशा डोक्यांवर बंदी घातली.

पातं बदलायला गेले तेव्हाची गंमत. पान्यानं नेहमीसारखं डावीकडे फिरवत होते, नट हलेना. दीरांनीही जोर लावला. शेवटी पुस्तिका उघडली. आटे उलटे! बहुतेक सरळ दांड्यांच्या यंत्रांत नट उजवीकडे फिरवल्यावर सुटतो. गिअरबॉक्सच्या भोकात सळई घालून आधी फिरकी अडवायची, मग पाना लावायचा. आम्ही दोघं मिळून तो नट पंधरा मिनिटं आवळत होतो.

संरक्षक पत्रा काढून काम करणारे खूप दिसतात. दोरीच्या गार्डवर एक छोटी सुरी असते, ती दोरी मापात कापते. गार्ड काढलं की दोरी लांब राहते, इंजिनावर भार येतो, क्लच घासतो. शिवाय दगड उडतात. माझ्या यंत्रानं एकदा वीस पावलांवरच्या गाडीची काच फोडली, तेही गार्ड असताना. आता १५ मीटरच्या आत कुणी आलं की मी यंत्र बंद करते. चेहऱ्यावर जाळी आणि तिच्या आत चष्मा, कानांना बोळे, जाड बूट, हे बजेटमध्ये आधीच धरा.

जागा सपाट आणि बिनदगडांची असेल, तर एवढा खटाटोप न करता चाकांचं गवत कापणी यंत्र बघा. मी ते घेतलं नाही, कारण माझ्याकडे उतार आणि खड्डे.

दुकानात यंत्र चालू करायला लावा, पण दोरी स्वतः ओढा. विक्रेत्याचा हात सवयीचा असतो. थंड असताना ओढा. मग दहा मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा ओढा. गरम इंजिन हटून बसणारी यंत्रं इथंच कळतात. एक्सलेटर सोडल्यावर पातं पूर्ण थांबायला हवं. फिरत राहिलं तर आयडलिंग तरी चुकलंय किंवा क्लच तरी. एअर फिल्टरचं झाकण पान्याशिवाय उघडतं का ते बघा, कारण कोरड्या गवताच्या दिवसांत ते रोज उघडायचं आहे. गिअरबॉक्सला ग्रीस भरायचा स्क्रू कुठे आहे ते विचारा. मी दर वीस-पंचवीस तासांनी तिथे थोडं ग्रीस भरते.

बिल करण्याआधी सुटे भाग मागून बघा: स्पार्क प्लग, फिल्टर, ओढायची दोरी, कार्बोरेटरचे पडदे, त्याच मापाचं पातं. "मागवून देऊ" असं उत्तर आलं तर किती दिवसांत ते विचारा, आणि प्लग तरी एक लगेच जास्तीचा घ्या.