जुना बर्बर चांदीचा दागिना नेमका कुठला, हे कसे ओळखावे

मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियातील अमाझिग, म्हणजेच बर्बर, समाजाचा जुना चांदीचा दागिना हाती आला की नजर आधी पोवळ्यांवर जाते. त्याचे मूळ गाव शोधायचे असेल, तर मात्र खडे शेवटी पाहावेत. खडे निखळतात, बदलले जातात, कधी दोन मोडक्या नगांचा एक केला जातो. कारागिरी इतक्या सहज बदलता येत नाही, म्हणून सुरुवात मीनाकामापासून करावी.

निळा, हिरवा व पिवळा मीना आणि सोबत पोवळे असा मेळ दिसल्यास तो नग बहुधा अल्जीरियातील काबिली प्रदेशाचा, त्यातही बेनी येन्नीच्या सोनारांच्या परंपरेतला असतो. तेथे चांदीच्या बारीक तारेचे कप्पे पत्र्यावर डाक देऊन बसवतात, त्यांत मीना भरतात आणि तो भाजतात. वस्त्राला अडकवायच्या ‘ताबझिम्त’ या मोठ्या गोल पिनेची पाठ अवश्य पाहावी, कारण काही उत्तम नगांत मागच्या बाजूलाही मीनाकाम असते. मीना उडालेल्या जागी नंतर रंग भरल्याची शंका आली, तर विकणाऱ्याच्या परवानगीने सुईचे टोक कडेला हलकेच टेकवावे; भाजलेला मीना काचेसारखा कठीण लागतो, रंगावर ओरखडा उठतो.

दक्षिण मोरोक्कोतील तिझ्नितच्या परिसरातही मीना आहे, पण तेथे पिवळ्या-हिरव्याचे प्राबल्य असते आणि पोवळ्याऐवजी पुष्कळदा लाल काच बसवलेली असते. अल्जीरियाच्याच ऑरेस डोंगराळ भागात मीनाकामाऐवजी तारकाम, रवाकाम (चांदीचे बारीक दाणे बसवून केलेली नक्षी) आणि लोंबत्या पदकांवर भर असतो. ट्युनिशियात कोरलेला व कातरलेला पत्रा, तसेच मासा आणि हाताचा पंजा ही चिन्हे वारंवार भेटतात.

आकारावर फार विसंबू नये. त्रिकोणी पिनांची साखळीने जोडलेली जोडी या पट्ट्यात दूरवर आढळते, आणि दागिना लग्नाबरोबर, बाजाराबरोबर गावोगाव फिरलेला असतो. तो कुठे विकत मिळाला, यावरून फारसे काही ठरत नाही.

नाणी जडवलेली असल्यास त्यांवरील साल वाचावे. त्यावरून दागिना त्या सालाआधीचा नाही एवढेच कळते. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या ‘थेलर’ या चांदीच्या नाण्यावर तर 1780 हेच साल कायम ठेवून तो पुढे कित्येक दशके पाडला गेला, त्यामुळे त्या आकड्यावरून वय काढणे फसवे ठरते. मोरोक्कोत आणि ट्युनिशियातील जेर्बा बेटावर हे काम मोठ्या प्रमाणात ज्यू सोनारांच्या हाती होते, आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांतील बहुतेकजण देश सोडून गेले; म्हणून त्यानंतरच्या नगांत जुन्या घडणीची नक्कल किती आणि अस्सल परंपरा किती, हे वेगळे तपासावे लागते.

कसोटीच्या तेजाबाने चांदीचा कस कळतो, गाव कळत नाही. सरकारी ठसा असलाच, तर तो नग सरकारी कचेरीत तपासला गेल्याची खूण म्हणून घ्यावा. खेड्यातल्या जुन्या कामावर तो नसणे हा संशयाचा मुद्दा नव्हे.