‘ज्युदोका’: अर्थ, उच्चार आणि वापर

ज्युदो ही जपानी कुस्ती, आणि ती खेळणारा तो ढोबळमानाने ज्युदोका. जपानीत हा शब्द तीन चिन्हांनी लिहितात. पहिलं ‘ज्यू’ म्हणजे मऊ, लवचीक. दुसरं ‘दो’ म्हणजे वाट. केंदो आणि आयकिदो या जपानी युद्धकलांच्या नावांतही हेच आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या युद्धकलेच्या नावातलं ‘ज्यू’ ठेवलं आणि ‘जुत्सू’, म्हणजे कसब, याच्या जागी ‘दो’ आणलं.

खरी गंमत तिसऱ्या चिन्हात आहे. ‘का’चं चिन्ह नीट पाहा: वर छप्पर, त्याखाली डुक्कर. मूळ अर्थ घर, कुटुंब. एकटं आलं की ते ‘इए’ असं वाचतात. शब्दाच्या शेवटी लागलं की त्या विद्येत मुरलेला माणूस असा अर्थ होतो: गाका म्हणजे चित्रकार, साक्का म्हणजे लेखक. म्हणून ‘ज्युदो खेळणारा’ एवढाच अर्थ घेतला, तर शब्दाचं वजन हरवतं. जपानच्या जुन्या रिवाजात चौथ्या ‘दान’पासून (दान म्हणजे काळ्या पट्ट्याची पायरी) पुढच्यांनाच ज्युदोका म्हणत. त्याखालचे ते केंक्यूसेई, म्हणजे अजून शिकणारे. जपानबाहेर मात्र नवशिक्यालाही ज्युदोका म्हणतात आणि ते आता रूढ आहे.

उच्चारासाठी पाच टाळ्या वाजवा: ज्यु-उ-दो-ओ-का. पहिली दोन अक्षरं दोन-दोन टाळ्यांची, ‘का’ एकाच टाळीचा. मराठी माणसाची चूक बहुधा ‘ज’मध्ये होते. तो ‘जुना’मधला नाही, ‘जीव’मधला आहे, ‘जुदो’ लिहिलं की जीभ आपोआप ‘जुना’कडे वळते, म्हणून ‘ज्यु’ लिहिलेलं बरं. दुसरी चूक म्हणजे शेवटचा ‘का’ लांबवून सूर वर नेणं. जपानीतही वाक्याच्या शेवटी ‘का’ लावून प्रश्न विचारतात, अगदी मराठीसारखाच! त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘ज्युदो का?’ असं वाटू शकतं. तो प्रश्नाचा ‘का’ वेगळा, छपराचा ‘का’ वेगळा.

जपानीत या शब्दाचं अनेकवचन बदलत नाही. मराठीतही एक ज्युदोका, दोन ज्युदोका असंच ठेवा. ‘ज्युदोके’ करू नका. तो ज्युदोका, ती ज्युदोका, दोन्ही चालतं. विभक्ती सरळ लावा: ज्युदोकाने, ज्युदोकाला.

जपानी माणसाशी बोलताना मात्र स्वतःला ज्युदोका म्हणवून घेऊ नका, ते मोठेपणा मिरवल्यासारखं वाटतं. ‘ज्युदो ओ यात्ते इमास’, म्हणजे ‘मी ज्युदो करतो’, एवढं म्हणा.