वणवा वस्तीत शिरला तर? या चुका टाळा

‘डोंगर तिकडे लांब आहे, आपल्याला काय होतंय!’ अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून हे वाक्य बऱ्याचदा ऐकलंय. कोलोरॅडोतल्या सुपिरियर आणि लुइसव्हिल या गावांच्या शेजारीही घनदाट जंगल नव्हतं. होतं ते वाळलेलं गवत आणि ताशी १६० किलोमीटरपर्यंत झेपावणारा वारा. ३० डिसेंबर २०२१ रोजी काही तासांत तिथली हजारावर घरं जळाली.

सगळ्यांत महागात पडते ती आदेशाची वाट पाहण्याची चूक. ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडीना या वस्तीच्या डोक्यावर ‘ईटन’ नावाची आग पेटली. लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांना घर सोडण्याचा आदेश मिळाला तो पहाटे तीननंतर. या आगीत गेलेल्यांपैकी बहुतेक जण त्याच भागातले. तेव्हा ‘वॉर्निंग’ (तयारीत राहण्याचा इशारा) आली की निघा, ‘ऑर्डर’साठी (घर सोडण्याच्या आदेशासाठी) थांबू नका. फोन गप्प आहे, पण धूर दिसतोय आणि वारा तुमच्याकडेच वाहतोय? तरी निघा. उगाच गेलो असं वाटलं तर हॉटेलचं बिल भरा आणि घरच्यांची बोलणी खा.

घरात तीन गाड्या आहेत म्हणून तिन्ही बाहेर काढू नका. त्याच दिवशी लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातही आग लागली होती; तिथे सनसेट बुलेव्हार्डवर गाड्यांची कोंडी झाली, माणसं पायी पळाली आणि सोडलेल्या गाड्या बुलडोझरने ढकलाव्या लागल्या. गाडी सोडायचीच वेळ आली तर कडेला लावा, किल्ली आत राहू द्या.

आग भिंतीसारखी चालत येईल, हाही एक गैरसमज. पुष्कळ घरं पेटतात ती ज्वाळा पोचण्याआधी उडून आलेल्या निखाऱ्यांनी. पन्हळीतला पाचोळा, पोटमाळ्याचा झरोका, दाराशी टाकलेलं काथ्याचं पायपुसणं, एवढं त्यांना पुरतं. घराला टेकलेलं लाकडी कुंपण तर वातीसारखं जळत येतं. भिंतीपासून पाच फुटांत जळेल असं काही ठेवू नका आणि झरोक्यांना धातूची बारीक जाळी बसवा. पण ही कामं मोसमाआधीची. धूर दिसल्यावर शिडी लावू नका.

पाण्याचा पाइप धरून छपरावर उभं राहणं शौर्याचं वाटतं खरं. पण पॅलिसेड्समध्ये उंचावरच्या हायड्रंटनाच (बंबांना पाणी देणाऱ्या रस्त्यावरच्या नळांनाच) दाब उरला नव्हता. स्प्रिंकलर चालू ठेवून जाणं म्हणजे बंबवाल्यांचं पाणी पळवणं.

गॅरेजचं दार मात्र आजच तपासा. २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि काहींना ते उघडताच आलं नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियाने नव्या ओपनरना (दार उघडणाऱ्या मोटारींना) बॅटरी सक्तीची केली. तुमचा जुना असेल तर त्याला लटकणारी लाल दोरी ओढून दार हाताने वर उचलून बघा. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्याकडूनही एकदा करून घ्या. तुम्ही ऑफिसात असताना त्यांना गाडी चालवता येणार नाही, म्हणून कोणत्या शेजाऱ्याने त्यांना न्यायचं हे आधीच ठरवा आणि त्याचा नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा.