सनसेट क्रूझ निवडायची कशी?

गोव्याची तिकिटं निघाली की नाशिकच्या घराघरांत पुढची चर्चा सुरू होते, क्रूझ कुठली घ्यायची? पॅकेज नंतर बघा. आधी त्या दिवसाचा सूर्यास्त बघा, कारण फलकावर 'सनसेट' लिहिलं म्हणून बोट त्या वेळी पाण्यात असेलच असं नाही.

अंदाज घरबसल्या येतो. नाशिक आणि पणजी जवळपास एकाच रेखावृत्तावर, ७३.८ अंश पूर्वेला आहेत. त्यामुळे दोन्हीकडच्या सूर्यास्तात फार तर १० मिनिटांचं अंतर. थंडीत पणजीला जरा उशीर, उन्हाळ्यात जरा लवकर. डिसेंबरच्या मध्याला पणजीत साधारण ६.०५ला सूर्य मावळतो, मेअखेरीस सातच्या सुमारास. डिसेंबरात 'सहाची बोट' घेतलीत, तर माणसं भरून ती धक्का सोडेपर्यंत खेळ खल्लास! तासाभराची फेरी असेल तर सूर्यास्ताआधी अर्धा तास सुटणारी बोट धरा. खरे रंग सूर्य बुडाल्यावरच चढतात.

मग ठरवा, नदी की समुद्र. मांडवी पणजीवरून पश्चिमेला समुद्राकडे जाते, त्यामुळे बोट मुखाकडे जाणार का, एवढं विचारून घ्या. मोठ्या बोटींवर डीजे असतो, लोकनृत्यं असतात, आणि ऐन मोक्याला सूत्रसंचालक 'कपल्स स्टेजवर या' म्हणून पुकारतो. मुलं खूश होतात, सूर्य मात्र पाठीमागे मावळून जातो. शांतता हवी तर लहान बोट बरी. गर्दीच टाळायची असेल तर तारकर्लीजवळ देवबागला जा, तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते.

गंगापूर धरणाच्या बोटीत मजेत बसलेल्या आजींना समुद्राच्या लाटा सोसतीलच असं नाही. त्यांच्यासाठी नदीच बरी. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या आधी द्या. पावसाळ्यात समुद्रातल्या फेरीचा विचारही नको.

पैसे देण्याआधी लाइफ जॅकेट बघा, लहान मुलांच्या मापाचं आहे का तेही. बोटीत किती माणसं चालतात आणि किती भरतायत, हे स्वतः मोजा. जास्त वाटली तर सरळ मागे फिरा, दुसरी बोट मिळते. तिकीट रस्त्यावरच्या एजंटकडून न घेता धक्क्यावरच्या खिडकीवर घ्या, आणि खाणंपिणं त्यात धरलंय का, फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, ते तिथेच विचारा. वरच्या डेकवर कठड्याची जागा हवी असेल तर अर्धा तास आधी पोचा.